साकव पुरला असता

वाया गेलेल्या सरकारी पैशासाठी ऑडिटवाल्यांकडे बरीच नावं असतात. जादा खर्च, अनुत्पादक खर्च, टाळता आला असता असा खर्च. सगळ्यांत वाईट नाव म्हणजे निष्फळ खर्च. हे नाव पेठच्या पलीकडच्या डोंगरात, माझ्या ताब्यातल्या एका पुलाला चिकटलं होतं. पूल मी बांधला नव्हता. त्याचं डिझाइन करणारे साहेब निवृत्त होऊन नातवंडांत रमले होते, तो बांधून घेणारा इंजिनिअर बढती मिळून विदर्भात गेला होता. मी फक्त त्यांच्यानंतर त्या खुर्चीत येऊन बसलो, आणि पूल माझ्या गळ्यात पडला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बांधकामाच्या सरकारी खात्यात कनिष्ठ अभियंता होतो आणि नदीच्या अलीकडे, डांबरी रस्ता संपतो तिथल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये एकटा राहत होतो. बायको नाशिकला, सिडकोत, भाड्याच्या एका खोलीत. अंबडच्या एका कारखान्यात ती स्टोअरला होती आणि नुकतीच पर्मनंट झाली होती. आमची मुलगी तीन वर्षांची. दिवसभर तिला शेजारच्या मावशी सांभाळायच्या. त्या मावशी मे महिना संपला की मुलाकडे पुण्याला कायमच्या जाणार होत्या. मी नाशिकला आलो तर बायकोची कारखान्यातली सकाळची पाळी आणि माझं ऑफिस यांत मुलीची वाटणी करता येणार होती, मधल्या वेळेपुरती वरच्या मजल्यावरची एक बाई तयार होती. मी आलो नाही तर बायकोने नोकरी सोडायची. दुसरा रस्ता नव्हता. आम्ही दोघं तो शोधून दमलो होतो.

माझी नाशिकची बदलीची ऑर्डर आली होती. हातापाया पडून मिळवलेली. पण साहेब सोडेनात.

साहेब म्हणजे आमचे उपअभियंता. सटाण्याकडचे, मोठ्या आवाजाचे, मनाने वाईट नाहीत. ऑफिसात ते शुद्ध बोलत आणि राग आला की घरच्या अहिराणीवर येत. मी ऑर्डर टेबलावर ठेवली तेव्हा ते शुद्ध बोलले.

"तुमच्या जागी इथं यायला कोणी तयार नाही. त्यात तो पूल. तो असा लटकत ठेवून तुम्ही जाणार, आणि ऑडिटला उत्तर कोण देणार? मी? पॅरा ड्रॉप करून घ्या आणि दुसऱ्या दिवशी जा. मी रिलीव्हिंग ऑर्डर टाईप करून ठेवतो."

त्यांनी ती खरंच टाईप करून ठेवली. त्यांच्या ड्रॉवरमध्ये होती, फक्त तारीख कोरी. अधूनमधून मला ती दाखवत. त्यांना वाटे, त्याने मला उत्साह येईल.

पॅरा म्हणजे ऑडिटच्या अहवालातला परिच्छेद. त्यावरचं आपलं उत्तर त्यांना पटलं की ते तो ड्रॉप करतात, म्हणजे सोडून देतात. पटेपर्यंत तो दर वर्षी परत येतो. माझ्या पुलाचा पॅरा असा होता: नदीवर पूल बांधला, पण पुलापर्यंत रस्ता नाही, त्यामुळे पुलाचा वापर नाही, सबब खर्च निष्फळ.

यातला एकही शब्द खोटा नव्हता. डांबरी रस्ता पुलाच्या बराच अलीकडे संपायचा. पुढची जमीन जंगलाची. तिच्यातून रस्ता न्यायला परवानगी लागते, ती दिल्लीहून येते, आणि ती आली नव्हती. पलीकडच्या गावातल्या लोकांनी पुलाच्या दोन्ही टोकांना दगड आणि मुरूम टाकून चढ केला होता. त्यावरून माणूस चढे, बैलगाडी कशीबशी चढे, मोटार चढत नसे. आता रस्ता नाही म्हणून वापर नाही, वापर नाही म्हणून खर्च निष्फळ, आणि खर्च निष्फळ म्हणून रस्त्याला पैसा द्यायला वरचं कोणी धजत नव्हतं, कारण निष्फळ कामावर आणखी खर्च केला तर तोही निष्फळच. ह्या फेऱ्यातला प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर होता. मला तेच जास्त झोंबायचं. एखादा चोर सापडला असता तर निदान त्याला शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं.

त्या वर्षी थंडी सरता सरता ऑडिटची पार्टी आली. पार्टीचे प्रमुख पन्नाशीचे, शिडशिडीत गृहस्थ. आमच्याकडचा चहा ते घेत नसत. डबा स्वतःचा, पाणी स्वतःचं, शर्टाच्या खिशात बडीशेपेची छोटी डबी. ऑडिटवाल्यांची सरबराई करण्यात हयात घालवलेले आमचे हेडक्लार्क अगदी हवालदिल झाले. पिंपळगावहून मुद्दाम मागवलेली द्राक्षांची पेटी शेवटी आम्हीच खाल्ली.

हे गृहस्थ आरडाओरडा करत नसत. कुठल्याही कामाचा कागद पुढे आला की एकच विचारत, "ठीक आहे, पण फलनिष्पत्ती काय?" पैसा नीट खर्च झाला का, यात त्यांना फारसा रस नव्हता. त्या पैशाने कोणाचं काय झालं, हे त्यांना हवं असे. असला प्रश्न आम्हाला आधी कोणी विचारला नव्हता. आमचा सगळा जन्म सिमेंट किती आणि खडी किती यात गेलेला.

मी त्यांना सरळच सांगितलं, की साहेब, हा पॅरा सुटल्याशिवाय माझी सुटका नाही, आणि घरी असं असं आहे. सांगायला नको होतं बहुतेक. पण त्यांनी नीट ऐकलं.

"पुलाचा वापर होतो हे दाखवा," ते म्हणाले. "रहदारीची गणती करा. आकडे आले की मी ड्रॉप करायची शिफारस करीन. मला तो पॅरा पाळायची हौस नाही."

मी त्या दिवशी एस.टी.डी. बूथवरून नाशिकला घरमालकांकडे फोन लावला आणि बायकोला बोलावून सांगितलं, की झालंच समज. ती म्हणाली, "ऑर्डर हातात पडली की सांगा."

रहदारीची गणती म्हणजे रस्त्याच्या कडेला राहुटी ठोकून आठवडाभर बसायचं आणि जाणाऱ्या येणाऱ्या प्रत्येक वाहनाची रेघ मारायची. ट्रकचा रकाना, बसचा, मोटारीचा, सायकलचा, बैलगाडीचा. रेघा मारायला माझ्याबरोबर एक मैलकुली होता. मैलकुली म्हणजे रस्त्याच्या एका तुकड्याची देखभाल करणारा आमचा मजूर. हा दुसऱ्या गावचा, अबोल, नियमाला पक्का. आम्ही पुलाच्या अलीकडच्या टोकाला बसलो.

पहिल्या दिवशी जेमतेम एक रेघ. लोक जात होते. डोक्यावर सरपण घेतलेल्या बायका, बाजाराला निघालेला म्हातारा, शाळेची पोरं. एका माणसाने सायकल खांद्यावर घेऊन मुरमाचा चढ चढला आणि पुलावर ती खाली ठेवली. मैलकुलीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सायकल मांड." एवढीच ती रेघ, आणि तीही संध्याकाळी विचार करताना मला खोटी वाटली, कारण पुलाच्या मध्यापर्यंत तो सायकल ढकलत गेला आणि पुढे पुन्हा खांद्यावर घेतली. त्यात सुगी चाललेली. अर्धं गाव पिंपळगावकडे द्राक्षं तोडायला गेलेलं. उरली होती म्हातारी माणसं आणि पोरं. पायी चालणाऱ्यांसाठी त्या फॉर्मवर रकानाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पलीकडच्या गावच्या अंगणवाडीच्या ताई आल्या. तिशीच्या, दहावी झालेल्या, आणि सरकारी कागद म्हणजे काय चीज असते हे गावात त्यांना एकट्यांनाच ठाऊक. राहुटीशी येऊन म्हणाल्या, "साहेब, दोन दिस झाले, काय मोजताय?"

मी वैतागलेला होतो. म्हटलं, "गाड्या मोजतोय. गाड्या गेल्या तर तुमचा रस्ता होईल आणि माझी बदली होईल. तुमच्याकडे गाड्याच नाहीत."

"नाय कशा? चार हायेत की," त्या म्हणाल्या. "आधी सांगायचं नाय का?"

तिसऱ्या दिवशी सकाळी पलीकडून बैलगाडी आली. मैलकुलीने रेघ मारली. मागून दुसरी, तिसरी, चौथी. गाड्या आमच्या पुढ्यातून गेल्या, झाडाखाली वळल्या आणि परत आल्या. पुन्हा रेघा. पलीकडे जाऊन वळल्या आणि पुन्हा आल्या. एका गाडीच्या बैलाचं शिंग मोडलेलं होतं. तो बैल जेवणाच्या सुट्टीपर्यंत इतक्या वेळा माझ्या समोरून गेला की त्याची माझी ओळख झाली.

मी मैलकुलीला म्हटलं, "अरे, त्याच त्या गाड्या आहेत."

"वाहन गेलं की रेघ, सायेब. तेच वाहन पुन्यांदा गेलं तरी रेघ. तुम्हीच सांगितलं ना."

सांगितलं होतं खरं. नियमच तसा आहे. रोज ऑफिसला जाणारा माणूस रोज मोजतात, त्याला कोणी विचारत नाही की कालचाच का तू. चौथ्या दिवशी तर गावकऱ्यांनी बैलांची शिंगं रंगवली होती. सरकारी मोजणी आहे म्हटल्यावर बैल साधे कसे आणायचे, असं त्यांना वाटलं. गाडीवर बसून पोरं हात करत होती. ताई कठड्याला टेकून उभ्या राहून कोणाची पाळी झाली, कोणाच्या बैलांना पाणी पाजायचं, हे बघत होत्या. मी बायकोला मनातल्या मनात सांगत होतो, की बघ, सगळं गाव माझी बदली ओढतंय.

घोटाळा पुढे झाला. आमच्या पुस्तकात बैलगाडी साधीसुधी नसते. ती हळू चालते, रस्ता अडवते, म्हणून हिशोबात एक बैलगाडी कितीतरी मोटारींच्या बरोबर धरतात. हे मला पाठ होतं, पण बेरीज करून पाहीपर्यंत डोक्यात शिरलं नव्हतं. बेरीज केली तेव्हा जंगलातल्या त्या पुलावर पेठच्या हमरस्त्याला लाजवेल इतकी रहदारी निघाली.

मी कागद उपअभियंत्यांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"हाई काय शे?" ते म्हणाले. "हाई काय शे रे भाऊ? आग्रा रोड शे का तो?"

पण गणती नियमाप्रमाणे झाली होती. रेघा खऱ्या होत्या. फेरगणती करायची म्हणजे पुढचं वर्ष. त्यांनी कपाळावर हात मारला आणि कागद पाठवून दिला.

ऑडिटची हरकत एका खास कागदावर येते. कागद मधोमध दुमडलेला असतो. डाव्या अर्ध्यात त्यांचा प्रश्न, उजवा अर्धा आमच्या उत्तरासाठी कोरा. जे काय म्हणायचं ते त्या अर्ध्या कागदात. गणती पाठवल्यावर असा एक कागद आला. डाव्या बाजूला सुरेख अक्षरात लिहिलं होतं: पुलाचा वापर होत असल्याचं दिसून येतं, सबब निष्फळ खर्चाचा मुद्दा आता उरत नाही. मी खुर्चीतून उठलोच. खाली आणखी दोन ओळी होत्या. एवढी रहदारी अपेक्षित असताना एकपदरी अरुंद पूल का बांधला? नियोजन सदोष असल्याने दुसरा पूल बांधावा लागेल, त्याचा खर्च टाळता आला नसता काय?

म्हणजे एक पॅरा मेला आणि दुसरा जन्मला. रिलीव्हिंग ऑर्डर ड्रॉवरमध्येच राहिली. मी बायकोला हे फोनवर सांगायचा प्रयत्न केला. आधी पूल वापरात नव्हता म्हणून अडकलो होतो, आता तो फार वापरात आहे म्हणून अडकलो आहे, असं म्हटलं. मग ती म्हणाली, "मावशींनी सामान बांधायला घेतलंय."

त्या काळात मी वाईट वागायला लागलो होतो. मैलकुलीवर उगाच डाफरायचो. क्वार्टरच्या खिडकीतून पूल दिसायचा म्हणून खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलं. शनिवारी नाशिकला जायचो, पेठ रोडने येऊन निमाणीच्या स्टँडवर उतरायचो, आणि सिडकोतल्या खोलीत पोचेपर्यंत माझा निम्मा रविवार उद्याच्या गाडीच्या विचारात संपलेला असायचा. मुलगी मांडीवर येऊन बसायची आणि मी भिंतीकडे बघत अर्ध्या कागदाचं उत्तर जुळवत असायचो.

शेवटी मी ऑडिटच्या साहेबांना गळ घातली, की एकदा पूल डोळ्यांनी बघा. ते आले. मे लागला होता. जीप डांबर संपलं तिथे उभी केली आणि आम्ही पायी निघालो. उपअभियंता त्या दिवशी मीटिंगसाठी नाशिकला होते. आम्ही पुलावर बराच वेळ उभे राहिलो. एकही बैलगाडी आली नाही. माणसं मात्र येत-जात होती, कारण द्राक्षं संपली होती आणि गाव परत आलं होतं.

"बैलगाड्या कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. चार गाड्या, झाडाखालचं वळण, रंगवलेली शिंगं. ते हसले नाहीत. खिशातून डबी काढून त्यांनी बडीशेप तोंडात टाकली. तेवढ्यात ताई वजनकाटा खांद्याला लटकवून गावाकडून येताना दिसल्या. अलीकडच्या पाड्यावर पोरांची वजनं घ्यायला निघाल्या होत्या. साहेबांनी त्यांना थांबवलं.

"बाई, हा पूल नव्हता तेव्हा पावसाळ्यात कुठून जायचात?"

"नाय जायचो," ताई म्हणाल्या.

"म्हणजे लांबून वळसा घालून?"

"वळसा कुठला? नाय जायचो. चार महिने तिकडंच."

"आणि कोणी आजारी पडलं तर?"

ताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की प्रश्न त्यांना कळला नसावा असं मला आधी वाटलं. मग म्हणाल्या, "तिकडंच." आणि वजनकाटा सावरून निघून गेल्या.

साहेब कठड्यावर हात ठेवून खाली कोरड्या नदीकडे बघत राहिले. मी मनात म्हटलं, मिळाली यांची फलनिष्पत्ती, आता सुटलो. आम्ही जीपपर्यंत चालत आलो. तिथे आल्यावर त्यांनी बॅगेतून नवा कागद काढला, मधोमध दुमडला आणि बॉनेटवर ठेवून लिहायला लागले.

"तुमचा पूल वापरात आहे, यात शंका नाही," लिहिता लिहिता ते म्हणाले. "पण वापर पायी आहे. पायी जाणाऱ्यांसाठी एवढा पूल लागत नाही. साकव पुरला असता."

साकव म्हणजे माणसांपुरता छोटा पूल. पावसाळी मुलखात गावोगाव असतात. पुलाच्या मानाने अगदी थोडक्यात होतो.

मी म्हटलं, "साहेब, मागच्या कागदावर तुम्ही लिहिलंत अरुंद आहे. आता म्हणता मोठा आहे."

"बरोबर. दोन्ही मुद्दे एका पुलावर ठेवता यायचे नाहीत." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. डाव्या अर्ध्यात त्यांनी दोन मुद्दे लिहिले होते. एक, पूल अरुंद आहे. दोन, साकव पुरला असता. "यातला कोणता मान्य, ते तुम्ही लिहा. सेक्शन तुमचं आहे, सही तुमची चालेल. दुसरा मुद्दा मान्य केलात तर पुढे काही करायचं उरत नाही. यापुढे दक्षता घेऊ असं लिहा, मी आजच ड्रॉप करतो. तुम्ही सुटलात."

"आणि पहिला?"

"पहिला मान्य केलात तर रहदारी आहे असं तुम्ही म्हणताय. मग रस्ता करावा लागेल, तो होईपर्यंत पॅरा राहील." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मी तुम्हाला सुचवीन, दुसरा लिहा."

ते माझ्या भल्यासाठीच सांगत होते. जीपचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून घोरत होता. मी पेन काढलं. आक्षेप मान्य, एवढं लिहिलं. हे दोन शब्द दोन्ही उत्तरांना चालणार होते. पुढे फक्त एक आकडा घालायचा होता. एक किंवा दोन.

दोन लिहिलं की काय होणार, हे मला लख्ख माहीत होतं. मी त्याच खात्यात वाढलो होतो. त्या गावाला साकव पुरला असता, असं एकदा सरकारी कागदावर मान्य झालं की जंगलाच्या परवानगीची फाईल कोणी उघडणार नाही. ज्यांना साकव पुरतो त्यांना रस्ता कशाला? तो रस्ता पुन्हा कुठल्याच यादीत येणार नाही. आणि एक लिहिलं तर ऑडिट दर वर्षी विचारत राहील, की रस्त्याचं काय झालं. त्या गावाच्या वतीने सरकारला दर वर्षी काही विचारणारा तो पॅरा एकटाच होता.

मला राग आला. कोणाचा, ते मला अजूनही धड सांगता येत नाही. ऑडिटच्या साहेबांचा नाही. ताईंचा थोडा आला असावा, त्यांनी ते 'तिकडंच' म्हणायला नको होतं. सगळ्यात जास्त त्या अर्ध्या कागदाचा आला. मला घरी जायचं होतं. मुलगी, बायको, मावशींचं बांधलेलं सामान, सगळं समोर दिसत होतं, आणि मी एक लिहिलं. खाली सही केली.

साहेबांनी कागद उचलून वाचला. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला नाशिकला जायचं होतं ना?"

"हो."

"मग?"

"पूल अरुंद आहे," मी म्हणालो.

त्यांनी कागद बॅगेत ठेवला आणि ड्रायव्हरला हाक मारली.

उपअभियंत्यांनी दुसऱ्या दिवशी ड्रॉवर उघडून ती ऑर्डर माझ्यासमोर फाडली. अहिराणीत ते काय काय म्हणाले ते मला सगळं कळलं नाही. येडा शे, एवढं कळलं. ते चूक बोलत होते असंही मला वाटलं नाही.

शनिवारी नाशिकला गेलो. मुलगी झोपल्यावर बायकोला सांगितलं. तिला समजावं म्हणून मी जमिनीवर बोटाने नदी काढली, पूल काढला, रस्ता कुठे संपतो ते दाखवलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "सही तुम्हीच केलीत? तुम्हाला कोणी करायला लावली नाही?" मी नाही म्हटलं. ती उठून भांडी घासायला गेली. घासलेलीच भांडी तिने पुन्हा घासली. रविवारी मी निघताना ती एवढंच म्हणाली, "पुढच्या रविवारी मी येते. बघायचाय मला तो पूल."

त्या रविवारी ती पेठच्या बसने आली. कडेवर मुलगी आणि हातात दोन पिशव्या. मी मनातून हरखलो. वाटलं, रजा घेऊन आठ दिवस राहायला आली. पिशव्या क्वार्टरवर ठेवून आम्ही पुलावर गेलो.

ऊन उतरायला लागलं होतं. ती चढ चढून पुलावर आली आणि थांबली. समोरून तीन बायका डोक्यावर हंडे घेऊन शेजारी शेजारी गप्पा मारत आल्या आणि आमच्या बाजूने सहज निघून गेल्या. कोणाचा कोणाला धक्का लागला नाही. मुलगी तिच्या हातातून सुटली आणि या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत धावायला लागली. बायको स्टोअरवाली. तिने पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेने मोजून घेतला.

"हा अरुंद?" ती म्हणाली. "आपली खोली मावेल ह्याच्यात."

मी मुलीला कठड्याजवळून मागे घेतलं.

"खोटं लिहिलंत तुम्ही."

"हो."

"रस्ता कधी होईल?"

"माहीत नाही. परवानगीवर आहे."

तिने मुलीला जवळ बोलावलं, तिचे विस्कटलेले केस बोटांनी सारखे केले. मग पलीकडच्या गावाकडे हात करून विचारलं, "अंगणवाडी तिकडेच आहे ना? त्या ताईंची?"

"हो. का गं?"

"पिशवीत हिचे कपडे आहेत," ती म्हणाली. "खोकल्याचं औषधही आहे, एक चमचा, झोपताना. वरणभातात तूप असल्याशिवाय जेवत नाही. मी काही नोकरी सोडणार नाही. तुम्ही लिहिलंत ते खरं होईपर्यंत राहा इथं दोघं."

मला वाटलं, ती रागात बोलते आहे, क्वार्टरवर जाऊन शांत होईल. पण दोन्ही पिशव्यांत मुलीचंच सामान होतं, तिची स्वतःची एक साडीही नव्हती. सहाच्या बसला ती एकटी निघाली. मुलीला मी कडेवर घेतलं होतं. ती आधी रडली नाही, आई नेहमीसारखी कामाला चालली आहे असं तिला वाटलं. बस वळणाआड गेल्यावर तिने मला विचारलं, "बाबा, तू कधी जाणार?"